चौतीस सेकंदांचा राजा

मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा गाडीतल्या पडद्यावर अठरा टक्के उरले होते आणि अकोला अजून चाळीस किलोमीटर होते. मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस अंश आणि समोरून पश्चिमेचा भाजून काढणारा वारा. मागच्या सीटवर सौभाग्यवतींच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात भाचीच्या साक्षगंधाची साडी होती आणि होणाऱ्या भाचजावयाच्या बोटात घालायची अंगठी. अंगठी अमरावतीच्या सोनाराकडे घडवलेली, त्यामुळे ती पोचवण्याचा मान मामाकडे आला होता. मुहूर्त साडेचारचा. घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते.

गाडी जावयांची, विजेवर चालणारी, घेऊन दोन महिने झालेली. आदल्या रात्री पाहुण्यांच्या गडबडीत वायर लावायची राहून गेली आणि सकाळी बॅटरी साठ टक्क्यांवर सापडली. पडदा मात्र एकशे चाळीस किलोमीटर जाल म्हणून सांगत होता, आणि अमरावती ते अकोला अंतर शंभराच्या आतले. जावईबापू निश्चिंत होते. बडनेरा सोडल्यावर त्यांनी एक बटण फिरवले. पडद्याचा रंग लाल झाला, तिथे स्पोर्ट हा शब्द उमटला आणि गाडीने अशी उसळी घेतली की नातू आनंदाने ओरडला. काटा एकशे दहावर गेला आणि तिथेच राहिला.

रस्ताही असा की पाय आवरू नये. लोणी ते माना या टप्प्यात २०२२ च्या जून महिन्यात सलग पंच्याहत्तर किलोमीटर एकपदरी डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरले गेले आणि आपल्या वऱ्हाडातल्या या रस्त्याचे नाव गिनेसच्या विक्रमांत गेले. विक्रमाच्या रस्त्यावर विक्रमी वेगाने जाण्यात जावयांना कसली चूक वाटावी? पण पंचावन्न किलोमीटरमध्ये बेचाळीस टक्के गेले. मी तेहतीस वर्षे बँकेत काढली. शिल्लक आणि खर्च यांचा हा ताळा तोंडी करायलाही मला वेळ लागला नाही. याच चालीने गेलो तर बोरगाव मंजूच्या आसपास आपण रस्त्याच्या कडेला उभे असणार.

मी जावयांना हळूच सुचवले की आता पंचेचाळीसच्या वर जाऊ नये आणि एसी बंद करावा. त्यांनी एसी बंद केला, बटण फिरवून इको लावले आणि पुन्हा वेग घेऊ लागले. त्यांची समजूत अशी की इको लावले म्हणजे काम झाले. तेव्हा मला कामीय जेनात्झीची आठवण आली. हा माणूस माझ्या एका रखडलेल्या कादंबरीसाठी मी पुष्कळ वाचला होता. कादंबरी काही झाली नाही, पण माणूस डोक्यात राहिला. काचा खाली, डोक्याला ओले दुपट्टे, गाडी पंचेचाळीसवर, आणि मी त्याची गोष्ट सुरू केली. नातवाला रमवायचे होते, आणि खरे सांगायचे तर जावयांचा पायही धरून ठेवायचा होता.

जेनात्झीचा जन्म ४ नोव्हेंबर १८६८ रोजी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सला लागून असलेल्या स्कारबेक गावी झाला. घराणे मुळात हंगेरीकडचे. वडिलांचा रबराच्या वस्तूंचा कारखाना होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ज्या मुलाचे बालपण रबराच्या वासात गेले त्याचे पुढचे सगळे आयुष्य चाकांवरच गेले. तरुणपणी तो सायकलच्या शर्यती पळाला, मग इंजिनियर झाला आणि पॅरिसला गेला. त्याची दाढी तांबडी होती. पुढे तिच्यामुळे आणि त्याच्या गाडी हाकण्याच्या तऱ्हेमुळे सगळा युरोप त्याला लाल सैतान म्हणू लागला.

पॅरिसमध्ये त्या काळी मोटार हा नवा खेळ होता. कोणत्या जातीची मोटार टिकणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाफेच्या गाड्या होत्या, पेट्रोलच्या होत्या आणि विजेच्याही. वाफेची गाडी सुरू करायची तर आधी पाणी तापवायचे. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारताना मनगट मोडायची भीती, वर धूर आणि धडधड. विजेची गाडी मात्र दिवाणखान्यात बसल्यासारखी, कळ दाबली की निघाली. त्यामुळे शहरातल्या भाड्याच्या गाड्यांसाठी विजेला मोठी मागणी येईल असे शहाण्या लोकांना वाटत होते. जेनात्झीने याच धंद्यात उडी घेतली आणि पॅरिसमध्ये विजेच्या गाड्या बांधणारी कंपनी काढली.

अडचण एकच होती, आणि ती आजही आपल्या ओळखीची आहे. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी मोठी शर्यत झाली. तीत जाँतो नावाच्या कारखानदाराने विजेची गाडी उतरवली. तिच्यासाठी वाटेत ठिकठिकाणी भरलेल्या बॅटऱ्या आधीच नेऊन ठेवाव्या लागल्या. जुन्या काळी टपालाच्या स्वाराला टप्प्याटप्प्यावर ताजा घोडा तयार ठेवीत, तसा हा प्रकार. एका शर्यतीपुरते ते जमेल. दर रविवारी सासुरवाडीला जायला एवढा लवाजमा कोण ठेवणार?

जेनात्झीचे नाव पहिल्यांदा गाजले ते एका घाटामुळे. पॅरिसजवळ शाँतलू येथे २७ नोव्हेंबर १८९८ रोजी चढाची शर्यत झाली. चढ अठराशे मीटरचा. त्यात जेनात्झीची विजेची गाडी पेट्रोलवाल्यांना मागे टाकून पहिली आली. यात नवल नाही. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते आणि चढावर हा गुण उपयोगी पडतो.

पण चढाचे देणे फेडावेच लागते. दीड टनाची गाडी घेऊन आपण चिखलदऱ्याला गेलो, तर अमरावतीपासूनची जवळपास पाऊण किलोमीटरची उंची गाठण्यासाठीच सुमारे तीन युनिट वीज लागते. गाडी हळू न्या की जोरात, उंचीचे तीन युनिट काही सुटत नाहीत. उतरताना आताच्या गाड्या मोटरलाच जनित्र बनवून त्यातला काही भाग बॅटरीत परत भरतात. सगळा नाही. पॅरिसमध्येच क्रीगेर नावाचा कारखानदार त्याच सुमारास अशी परतफेड करणाऱ्या गाड्या बांधत होता. म्हणजे ही युक्ती कालपरवाची नाही, सव्वाशे वर्षांची जुनी आहे. या क्रीगेरकडे मी पुन्हा येणार आहे.

शाँतलूनंतर तीन आठवड्यांनी, १८ डिसेंबर १८९८ रोजी, एका मोटार-नियतकालिकाने पॅरिसबाहेर आशेर येथे वेगाची चाचणी ठेवली. जागा गमतीची होती. पॅरिस शहराचे सांडपाणी जिथे शेतीत सोडत, त्या शिवारातला सरळ, सपाट रस्ता. तिथे काउंट गास्तों द शासलू-लोबा याने जाँतोची विजेची गाडी पळवली आणि एक किलोमीटर सत्तावन्न सेकंदांत कापला. ताशी ६३.१५ किलोमीटर. मोटारीच्या वेगाची अधिकृत नोंद झाली ती ही पहिली. त्या दिवशी जेनात्झी तिथे नव्हता. बातमी कळली तेव्हा त्याने काउंटला आव्हान दिले.

पुढचे चार महिने जे चालले ते कुस्तीच्या फडासारखे होते. १७ जानेवारी १८९९ रोजी जेनात्झीने ६६.६६ चा वेग गाठला. त्याच दिवशी थोड्या वेळाने काउंटने ७०.३१ गाठला, पण शेवटच्या काही मीटरांत त्याची मोटर जळाली. दहा दिवसांनी जेनात्झी पुन्हा आला आणि ८०.३५ करून गेला. मार्चच्या ४ तारखेला काउंट गाडीला टोकदार कवच चढवून आला, ९२.७८. दोघांनाही आता कळून चुकले होते की लढाई मोटरशी उरलेली नाही, हवेशी आहे.

इथे मी गोष्ट थांबवली आणि जावयांना एक हिशेब सांगितला. गाडी हवेला ढकलत जाते, आणि हा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. साठवरून शंभरवर गेलो तर दुपटीलाही पोचलो नाही असे वाटते, पण विरोध पावणेतीन पट झालेला असतो. म्हणजे तेवढाच किलोमीटर कापायला हवेपोटी पावणेतीन पट वीज. मूर्तिजापूरपर्यंत आपण पैसे उधळले ते इथे. त्यात वारा समोरून. समोरून वीसचा वारा असला तर एकशे दहाची गाडी हवेच्या दृष्टीने एकशे तीसने धावते.

आता बटणाचे. इको, सिटी, स्पोर्ट ही तीन नावे ऐकून माणसाला वाटते की गाडीत तीन निरनिराळ्या बॅटऱ्या आहेत. बॅटरी एकच. स्पोर्टमध्ये पाय जरासा दाबला तरी मोटर जोरात ओढते. इकोमध्ये तोच पाय तेवढाच दाबला तर ती सावकाश ओढते, काही गाड्यांत एसीही बेताने चालवते. बटण एवढेच करते. इको लावून तुम्ही हट्टाने एकशे दहावर गेलात तर हवा तुमचे बटण पाहायला येत नाही. उलट स्पोर्ट लावून साठवर शांत गेलात तर फारसे बिघडत नाही. फक्त तसे कोणी जात नाही. स्पोर्ट हा शब्द डोळ्यांसमोर असला की पाय आपोआप जड होतो. बँकेत मी हे पाहिले आहे. चेकबुक दिले म्हणजे शिल्लक वाढत नाही, पण खर्च वाढतो.

जावई हसले, आणि पाय मात्र त्यांनी उचलला. कुरणखेडजवळ काटेपूर्णेचा पूल आला तेव्हा बारा टक्के होते. मी पुढे चालू लागलो.

जेनात्झीने आता मोठा डाव टाकला. नुसत्या विक्रमासाठी त्याने एक वेगळीच गाडी बांधायला घेतली. अॅल्युमिनियमच्या एका हलक्या मिश्रधातूचे कवच, आकार पाणसुरुंगासारखा, दोन्ही टोके निमुळती. मागच्या चाकांना दोन मोटरी. पोटात भरगच्च बॅटऱ्या. टायर मिशलँ कंपनीचे, हवा भरलेले. रबरवाल्याच्या मुलाला टायरचे मोल ठाऊक असणारच. टायर नरम असला की तो प्रत्येक फेऱ्यात दबतो, उलगडतो, तापतो आणि तेवढी शक्ती फुकट जाते. आजही गाडी कमी अंतर जाते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी काही जणांचे तरी दुखणे टायरच्या हवेत सापडेल, असा माझा अंदाज आहे.

गाडीचे सगळे वजन सुमारे दीड टन. नाव ठेवले ला जामे काँतांत. म्हणजे कधीच समाधान न मानणारी. फ्रेंचमध्ये ते स्त्रीलिंगी आहे, आणि त्यावरून जेनात्झीच्या संसाराबद्दल बरेच विनोद आजवर होत आले आहेत. मागच्या सीटवर कोण बसले होते याची आठवण ठेवून मी ते सांगितले नाहीत.

या गाडीचे चित्र पाहिले की एक गोष्ट खटकते. कवच एवढे निमुळते केले, आणि गाडीवान मात्र कमरेपासून वर सगळा बाहेर! छाती काढून, दाढी वाऱ्यावर सोडून तो उंच बसलेला. खालची चाके आणि सांगाडाही उघडाच. हवा फसवण्यासाठी केलेली अर्धी मेहनत त्याच्या त्या बसण्यानेच वाया जात होती. पण तो इंजिनियर असला तरी आधी मल्ल होता. लोकांना आपण दिसलो पाहिजे, हे त्याला हवेहून महत्त्वाचे वाटले असावे. हा माझा तर्क.

एका प्रयत्नात तर त्याची घाई इतकी की वेळ मोजणारे पुरते तयार होण्याआधीच तो गाडी घेऊन सुटला. सारी धाव वाया गेली, आणि बॅटरीतली वीजही. अखेर १८९९ च्या एप्रिलच्या शेवटी, त्याच आशेरच्या रस्त्यावर, त्याने एक किलोमीटर चौतीस सेकंदांत कापला. ताशी १०५.८८ किलोमीटर. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडली ती अशी, आणि ते वाहन विजेचे होते. शंभराच्या वर गेल्यावर माणसाचा श्वास कोंडेल असे त्या वेळी लोक म्हणत, ही हकीकत पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला ती पटत नाही. आगगाड्या त्याआधीच त्या वेगाने धावून गेल्या होत्या आणि आतले प्रवासी सुखरूप उतरले होते.

आता काउंटचा पहिला वेग आणि जेनात्झीचा शेवटचा वेग शेजारी ठेवून पाहा. त्रेसष्ट आणि एकशे सहा. आपल्या साठ आणि शंभरचेच हे प्रमाण. हवेचा विरोध पावणेतीन पट, आणि तो दर सेकंदाला पेलायला लागणारी ताकद पावणेपाच पट. चार महिन्यांत एवढी ताकद आली कुठून? बॅटरीतूनच. आणि त्या काळच्या शिशाच्या बॅटरीचा एक स्वभाव असा की तिच्यातून वीज भराभर उपसली तर एकूण वीजच कमी मिळते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कापले जाते, तसेच. सावकाश घेणाऱ्याला पूर्ण रक्कम, घाई करणाऱ्याला तुटपुंजी. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या याबाबत पुष्कळ उदार आहेत, तरी जोराने ओढलेल्या विजेचा थोडा भाग उष्णतेत जातोच. जेनात्झीची गाडी त्या एका किलोमीटरसाठी बांधलेली होती. तिला घेऊन त्याला दुसऱ्या गावी जायचे नव्हते.

आणि इथेच मला या माणसाबद्दल वाईट वाटते. त्याने जग जिंकले ते अशा रकान्यात की ज्याची विजेच्या गाडीला गरज नव्हती. वेगात वीज आधीच पुढे होती. तिची अब्रू अंतरात जात होती. १९०१ साली त्या क्रीगेरने आपली विजेची गाडी पॅरिसहून शातेलरोपर्यंत नेली, एकदाच भरलेल्या बॅटरीवर ३०७ किलोमीटर. त्यासाठी चौतीस सेकंदांचा पराक्रम नव्हे, दिवसभराचा संयम लागला. सव्वाशे वर्षांपूर्वी, शिशाच्या बॅटरीच्या जमान्यात, अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत येऊन पुन्हा अकोल्याला पोचण्याइतके अंतर! पण क्रीगेरचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? वर्तमानपत्रांनी लाल दाढीचे चित्र छापले. लोकांनी विक्रमाला टाळ्या वाजवल्या आणि गावोगाव जायला पेट्रोलची गाडी घेतली, कारण पेट्रोलचा डबा वाटेतल्या दुकानातही मिळे.

विक्रम तीन वर्षे टिकला. १९०२ च्या एप्रिलमध्ये नीस येथे लेओं सेर्पोले याने वाफेच्या गाडीवर तो मोडला. तोवर जेनात्झीनेही विजेचा नाद सोडत आणला होता. त्याच वर्षी आर्देनच्या शर्यतीत तो स्वतःच्या नावाची गाडी घेऊन उतरला आणि तिचा चुराडा करून बसला. लोक धावले तर हा माणूस जवळपास धडधाकट बाहेर आला. असे प्रसंग त्याच्या आयुष्यात अनेक आले. आपण मरणार ते मर्सिडीझ गाडीतच, असे तो म्हणत असे, असे सांगतात.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस मर्सिडीझनेच दिला. १९०३ ची गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत आयर्लंडमध्ये होती. मर्सिडीझने तीसाठी मोठ्या ताकदीच्या नव्या गाड्या तयार केल्या होत्या, पण शर्यतीच्या काही आठवडे आधी जर्मनीतल्या कारखान्याला आग लागली आणि त्या गाड्या जळून गेल्या. मग कंपनीने एका अमेरिकन धनिकाची साठ अश्वशक्तीची गाडी उसनी मागून आणली. मंगळसूत्र मोडून भांडवल उभे करावे तशातला प्रकार. त्या उसन्या गाडीवर २ जुलै १९०३ रोजी जेनात्झी सव्वापाचशे किलोमीटरहून अधिक अंतर साडेसहा तासांपेक्षा थोड्याच अधिक वेळात धावला आणि जिंकला. त्या दिवशी त्याने गाडी सांभाळून नेली. मनात आणले तर त्याला ते येत होते.

पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, शर्यत जर्मनीत ताउनुसच्या डोंगरात झाली. जर्मन सम्राट स्वतः पाहायला हजर होते. समोर होता लेओं तेरी नावाचा फ्रेंच. या तेरीला लोक घड्याळ म्हणत. त्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखी. वळणाआधी जितका वेग उतरवायचा तितकाच उतरवणार, वळणानंतर जितका चढवायचा तितकाच चढवणार. पाहणाऱ्याला तो सावकाश चाललाय असे वाटावे. जेनात्झी मात्र सरळ रस्त्यावर उसळणार, वळणावर ब्रेक दाबणार, गाडी आडवी घालणार आणि पुन्हा उसळणार. लोकांचे डोळे जेनात्झीवर, आणि जिंकला तेरी, सुमारे अकरा मिनिटांनी. पुढच्या वर्षी तोच करंडक तेरीने पुन्हा नेला.

मला वाटते विजेची गाडी चालवणाऱ्याने या दोघांची चित्रे समोर ठेवावीत. ब्रेक दाबला म्हणजे आपण आधी विकत घेतलेला वेग फेकून दिला. आताच्या गाड्या त्यातला काही भाग बॅटरीत परत घेतात हे खरे, पण जाताना तोटा आणि येतानाही तोटा, जसा परकीय चलन बदलून घेताना दोन्ही बाजूंनी बट्टा जातो. लांबून सिग्नल लाल दिसला की पाय उचलावा, गाडी आपल्या ओघाने जाऊ द्यावी, जमल्यास ब्रेकला हात लावायचीच वेळ येऊ देऊ नये. अमरावतीच्या राजकमल चौकात, दर पन्नास पावलांवर थांबायचे तिथे, ही परतफेड चांगली कामाला येते. महामार्गावर ब्रेकच लागत नाही, तिथे ती काय परत देणार? म्हणून पेट्रोलच्या गाडीच्या उलटा अनुभव येतो. विजेची गाडी शहरात जास्त पुरते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी.

पण हळू म्हणजे किती हळू, असे सौभाग्यवतींनी मागून विचारले. दुपट्टा वाळला होता आणि त्यांचा धीरही. प्रश्न बरोबर होता. एसी किलोमीटरच्या हिशेबाने वीज खात नाही, तासाच्या हिशेबाने खातो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात एसी लावून तीसच्या वेगाने रांगत गेलो तर वाऱ्याकडून वाचवलेले एसीला देऊन बसू. आम्ही एसी बंद केला होता म्हणून पंचेचाळीस परवडत होते. एसी लावून जायचे तर साठ-सत्तर बरे. आणि गाडी वायरला लावलेली असतानाच घरी गार करून घेतली तर आणखी बरे. आम्हाला ते त्या दिवशी कुठे सुचले होते!

बोरगाव मंजू आले. आठ टक्के. नातू आता काट्याकडे पाहत एकेक आकडा मोठ्याने म्हणू लागला होता. त्याला गप्प करण्यासाठी मी शेवट सांगितला.

शर्यतींतून बाहेर पडल्यावर जेनात्झी ब्रुसेल्सला परतला आणि वडिलांच्या रबराच्या धंद्यात लक्ष घालू लागला. त्याच्या नावाचे टायर निघाले. इतक्या अपघातांतून वाचलेला माणूस आता पंचेचाळीस वर्षांचा, सुखवस्तू, शिकारीचा शौकीन झाला होता. आर्देनच्या जंगलात त्याचे शिकारीचे घर होते. १९१३ च्या डिसेंबरमध्ये त्याने तिथे मित्रांना बोलावले. दिवसभर म्हणावी तशी शिकार मिळाली नाही. रात्री पाहुणे हिरमुसले बसलेले पाहून यजमानाला लहर आली. तो गुपचूप बाहेर गेला, झुडपाआड लपला आणि रानडुकराचा आवाज काढू लागला. आवाज हुबेहूब जमला असणार. आतून एका पाहुण्याने बंदूक उचलली आणि अंधारात आवाजाच्या रोखाने गोळी झाडली.

जखम मोठी होती. मित्रांनी त्याला मोटारीत घातले आणि दवाखान्याच्या दिशेने गाडी पिटाळली. ती गाडी मर्सिडीझ होती. वाटेतच रक्त जाऊन तो गेला.

बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. मग नातवाने विचारले की त्याच्या त्या विजेच्या गाडीचे काय झाले. ती अजून आहे. फ्रान्समध्ये काँपियेन्य येथे वाहनांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे ती ठेवलेली आहे.

अकोल्यात बहिणीच्या दारासमोर गाडी उभी राहिली तेव्हा पडद्यावर तीन टक्के होते आणि घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटे. भटजींनी दहा मिनिटे सांभाळून घेतले. बहीण दारातच उभी होती. तिने आमच्या घामाघूम चेहऱ्यांकडे पाहिले, पिशवी घेतली आणि आत गेली. ओरडली नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हते. अंगठी बोटात नीट बसली.

रात्री मुक्काम केला. ओसरीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला वायर लावून दिली आणि यावेळी मी स्वतः दोनदा उठून पाहून आलो. सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. जावईबापूंनी बटणाला हात लावला नाही. पासष्टच्या वर ते गेले नाहीत, आणि मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जाऊ लागले तरी त्यांनी मनावर घेतले नाही. वारा आता पाठीशी होता. बडनेऱ्याच्या पुलावर पडद्यावर पंचावन्न टक्के होते. मागे नातू रानडुकराचा आवाज काढत होता आणि त्याची आजी त्याला गप्प बसायला सांगत होती.